खमसीनमधली शिवण

काल दुपारपासून आकाश पिवळं पडलंय. सकाळी बाल्कनीत गेले तर वाळत घातलेल्या अभ्र्यांवर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. खालच्या मजल्यावरची रोमानियन बाई मान वर करून ओरडली, "खमसीन!" जसं काही मला डोळेच नाहीत. म्हटलं, कळलं हो बाई, माझ्या नाकातोंडात गेलाय तो.

पेसाखचा सण आटोपला की हा वारा वाळवंटातून येतो. पाहुण्यासारखा दोन दिवस मुक्काम ठोकतो, घरभर आपली घाण करतो, न सांगता निघून जातो आणि आठवड्यानं पुन्हा उगवतो. तो असेपर्यंत इथं इस्रायलमध्ये, आमच्या रामल्यात सगळं विचित्र वाटतं. सूर्य दिसतो, पण त्याच्याकडे सरळ बघता येतं. बाजारातले आरडणारे भाजीवाले गप्प होतात. कुत्री जिन्यात येऊन पडतात आणि हाकललं तरी हलत नाहीत. त्यात हे ओमेरचे दिवस, म्हणजे लग्नं नाहीत, गाणीबजावणी नाही, पुरुष दाढ्या वाढवून हिंडतात. आधीच सुतकी दिवस, वर हा वारा.

या दिवसांत मी सुई हातात धरत नाही. बटण तुटलं तर तुटलं, शिवण उसवली तर उसवली, आठवडाभर कुणी मला सांगायचं नाही. मुलगा हसतो. "इमा, श्तुयोत," म्हणतो, म्हणजे आई, हा मूर्खपणा आहे. मी त्याला मराठीत म्हणते, असेल रे बाबा, पण तू त्या खोलीत नव्हतास. तो मान डोलावतो आणि हेडफोन कानाला लावतो. माझं अर्धं मराठी त्या हेडफोनवर आपटून परत येतं.

ती खोली सिम्हामावशीची. रामल्याच्या जुन्या चाळवजा इमारतींपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर. मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. रेवदंड्याची म्हातारी, आमच्या सगळ्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू बायकांची मावशी. ती, मी आणि डेझी, आम्ही तिघी एकाच फॅक्टरीत शिवणकामाला होतो. बायकांचे रात्रीचे गाऊन शिवायचे, लेस लावलेले, गळ्याशी रिबिनीचं फूल. नव्वदच्या दशकात एका वसंतात फॅक्टरीचं काम सीमेपलीकडे गेलं. तिकडे हात स्वस्त होते. एका सकाळी आम्ही गेलो तर मशिनं ट्रकवर चढत होती. माझं मशीन मी ओळखलं, त्याच्या पायावर माझ्या मुलानं लहानपणी चिकटवलेलं स्टिकर होतं. ते ट्रकवर उलटं पडलेलं पाहून मला रडूच फुटलं. नवरा आजारी पडला तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते, खोटं कशाला बोलू!

मग लेबर ऑफिसच्या रांगा. तिथली मुलगी च्युइंगम चघळत मला म्हणाली, "आणखी काय येतं तुला?" मी म्हटलं, "शिवलेलं उसवता येतं." ती हसली नाही. तिनं मला एका शाळेच्या स्वयंपाकघरात पाठवलं. आज इतकी वर्षं झाली, मी तिथं काकड्या चिरते आहे, आणि बऱ्या चिरते. पण तेव्हा ते काम सुरू व्हायला अवकाश होता, आणि घरी बसून भिंती अंगावर यायच्या.

डेझीचं अवघड होतं. ती आमच्यात लहान, तिशीची. ठाण्याहून आईबापांबरोबर आली तेव्हा फ्रॉकातली पोर होती. मराठी आईकडून शिकलेलं, बाकी सगळं हिब्रूत. नवरा आदल्या वर्षी झोपेतच गेला होता. दोन मुली. सासू दिमोनाला राहायची, दक्षिणेत, आणि नवऱ्याचं वर्ष व्हायच्या आतच तिचं सुरू झालं होतं, मुली माझ्याकडे दे, तू काय खायला घालणार त्यांना? डेझी म्हणायची, "देणार नाही. माझ्या मुली मी देणार नाही."

लेबर ऑफिसनं तिला म्हाताऱ्यांची सेवा शिकवणाऱ्या कोर्सला घातलं. वर्ग आणि सराव दोन्ही पेताह तिक्वाच्या एका वृद्धाश्रमात. कोर्स पुरा केला की तिथंच पक्की नोकरी. नाही केला तर ऑफिसांचे जिने पुसायचे, तेही मिळाले तर, आणि मग सासूच्या तोंडाला तोंड देणार कशी? एवढी एकच फट होती तिला, आणि त्यातून तिनं जायचं होतं.

त्याच दिवसांत मावशीनं कुठूनशी शिवण मिळवली. एका दुपारी आम्हाला बोलावून म्हणाली, "हातावर हात धरून बसण्यापेक्षा या. पुण्याचं काम आहे, चार पैसेही आहेत." टेबलावर पांढऱ्या सुती कापडाचा तागा. मी विचारलं, "काय शिवायचंय? चादरी?"

"कफनं," मावशी म्हणाली, आणि चहा ओतू लागली.

खेव्रा कदिशा, म्हणजे मयताचं सगळं बघणारी इथली मंडळी, त्यांच्यासाठी. सदरा, विजार, टोपी, वरची चादर. मी खुर्ची मागे सरकवली. पण मावशीच्या समोर नाही म्हणायची छाती कुणाची? बाहेर खमसीन, खिडक्यांच्या पट्ट्या खाली ओढलेल्या, त्यांच्या फटींतून येणारा उजेड हळदीच्या पाण्यासारखा. पंखा गरागरा फिरत होता आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता.

नियम मावशीनं सुरुवातीलाच सांगितले. मशीन नाही, हातशिलाई. खिसा नाही, बटण नाही. आणि धाग्याला गाठ मारायची नाही, सुरुवातीला नाही, शेवटाला नाही. धागा नुसता कापडात घालायचा आणि तसाच सोडून द्यायचा. सांगायला सोपं! आयुष्यभर ज्या बोटांना गाठ मारायची सवय, ती बोटं ऐकतात होय? मी चार टाके घातले की माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ येत. मावशी न बघता म्हणायची, "मिल्का, सोड ती." कसं कळायचं तिला, देव जाणे.

पण खरं सांगू? गप्पा आम्ही तिथं मारल्या तेवढ्या कुठंच मारल्या नाहीत. फॅक्टरीत मशिनांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं. इथं तिघींच्या सुयांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मावशी म्हणाली, "रेवदंड्याला मी पोलकी शिवली. मुंबईत शाळेचे युनिफॉर्म. इथं आल्यावर सैन्याच्या पिशव्या, मग तुमच्याबरोबर ते लेसवाले गाऊन. आता हे. गिऱ्हाईक बदललं गो, बाकी काय!"

"हे गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही, एवढं बरं," मी म्हटलं.

"जीभ आवर तुझी."

डेझी खुदकन हसली. मग म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते गं. म्हातारी माणसं मला पाहवत नाहीत. त्यांना आंघोळ घालायची, त्यांचं सगळं करायचं. पुस्तक उघडते तर अक्षरं हलतात. इतक्या वर्षांनी परत शाळेत बसायचं म्हणजे..."

"मी या देशात उतरले तेव्हा मला पाव मागता येत नव्हता," मावशी म्हणाली. "दुकानात बोट दाखवायची. दुकानदार मुद्दाम दुसरंच द्यायचा, गंमत म्हणून. एक दिवस त्यानं साबण दिला. मी तो त्याच्या समोर टेबलावर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. रांग खोळंबली, लोक ओरडले, मी हलले नाही. शेवटी दिला त्यानं पाव. तू नुसती उभी राहा गो. पुढचं पुढं."

मला ते बोलणं अजून जसंच्या तसं ऐकू येतं. आणि त्याच्यानंतर जे झालं तेही.

पहिला सदरा पुरा झाला. डेझीनंच शेवटचा टाका घातला होता. ती उठली, सदरा झटकला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत डोक्यावरून अंगात घातला.

आता यात तिचा दोष काय? फॅक्टरीत वर्षानुवर्षं तिचं हेच काम. तिचं अंग अगदी मापाचं, म्हणून नवा नमुना तयार झाला की सुपरवायझर हाक मारायचा, "डेझी, सॅम्पल!" मग ती हातातलं टाकून उठायची, आपल्या कपड्यांवरच गाऊन घालायची आणि सगळ्यांसमोर गोल फिरायची. कुणी खांदा बघे, कुणी लांबी. आम्ही शिट्ट्या मारायचो. ती सवय. शिवून झालं, घातलं. हाताला जशी गाठ मारायची सवय तशी तिच्या अंगाला.

ती गोल फिरली. "खांदा बरोबर आहे?" म्हणाली.

मग तिनं आमची तोंडं पाहिली.

त्या पिवळ्या उजेडात ती पांढरी उभी, हात थोडे बाजूला धरलेले, आणि सदरा तिला असा बसला होता की जणू तिच्याच मापानं कापला होता. मावशीचा हात तोंडावर गेला. मग डेझीला कळलं आणि ती तो ओढून काढायला लागली. गळा अरुंद, त्यात तिच्या केसांचा चाप अडकला. आत तिची धडपड, "काढा, काढा ना!" असा दबलेला आवाज, आणि बाहेर नुसतं हलणारं कापड, चेहरा नाही. मावशीनं धावत जाऊन खांद्याशी धरून खेचलं. गाठ नसलेला धागा सर्रकन निघून आला आणि सदरा दोन तुकडे होऊन तिच्या पायाशी पडला.

त्या कापडाचं मावशीनं पुढं काय केलं, ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आठवडाभरानं डेझी माझ्याकडे आली. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ती स्वेटर घालून आलेली. "मला थंडी वाजते, मिल्का." मी म्हटलं, ताप असेल. कपाळाला हात लावला तर गार. ती सांगायला लागली. बसस्टॉपवर हात केला तर बस थांबत नाही. बाजारात काही मागितलं तर भाजीवाला तिच्या मागच्या बाईला विचारतो, तुला काय हवं? "आणि माझी सावली पडत नाही."

"अगं बये, धुळीच्या दिवसांत कुणाची पडते? माझी बघ, पडलीय का?" मी तिला बाल्कनीत उभी केली. खरंच दोघींचीही नव्हती. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं, आता लिहिताना नाही वाटत.

मग तिनं खरं ते सांगितलं. वृद्धाश्रमात सरावाला गेली असताना तिला रिबकाआजी नावाच्या एका म्हातारीपाशी बसवलं. ती आपल्यातलीच, नागावकडची. हिब्रू सगळं विसरून गेलेली, मराठीच उरलेलं, म्हणून सिस्टरनं मुद्दाम डेझीला तिच्याकडे दिलं. आजी कुणाच्या हातचं खायची नाही, थुंकायची, चमचा फेकायची. डेझी जवळ गेली तशी आजी एकदम शांत झाली. तिला खालीवर बघितलं, आणि अगदी मायेनं विचारलं, "तुला कधी नेलं गो?"

"कुठं नेलं?" डेझीनं विचारलं.

"एवढ्या लहान वयात नेलं," आजी म्हणाली, आणि तिचा हात धरून चुचकारायला लागली.

डेझी तिथून पळत सुटली ती परत गेलीच नाही. "तिला दिसलं, मिल्का. मी ते घातलं होतं, ते तिला दिसलं. मी कोर्सला जाणार नाही. मी गेले तर माझ्या मुलींचं काय?" मी म्हटलं, "आणि कोर्सला नाही गेलीस तर मुलींचं काय?" तिनं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

मावशीनं ऐकलं आणि दुपारी मीठ-मिरच्या घेऊन डेझीच्या घरी हजर झाली. तिला दारात बसवून दृष्ट काढली आणि मिरच्या गॅसवर तव्यात टाकल्या. आम्ही पदर नाकाशी धरून उभ्या. मिरच्या काळ्या पडल्या, जळून कोळसा झाल्या, आणि ठसका म्हणून नाही. कुणी शिंकलं नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. डेझीची धाकटी मुलगी तव्यापाशी जाऊन हुंगत म्हणाली, "एन रेयाख, सफ्ता." वास नाहीये, आजी. मावशीनं पटकन गॅस बंद केला. "लागलेय मोठी," एवढंच म्हणाली, आणि आमच्या एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलली. तिच्यासारखी खमकी बाई घाबरलेली मी तेव्हाच पाहिली.

आता मावशी नाही. आजच्यासारख्या हवेत तिची फार आठवण येते. आजारात तिची भीती निघून गेली होती. मीच तिच्या उशाशी बसून घाबरायचे आणि ती मला दटावायची, "सरळ बस, पाठ दुखेल." माणसं आपल्याला शहाणपण म्हणून काय काय सांगतात, त्यातलं काही उरत नाही, हे पाठीचं मात्र मी रोज शाळेत काकड्या चिरताना पाळते.

तर त्या दृष्ट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी डेझीला कोर्सवरून फोन आला, उद्या आली नाही तर नाव कमी करू. मी पहाटेच डेझीच्या दारात जाऊन उभी राहिले. "ऊठ. मी येते बरोबर." ती उठली, मुलींच्या अंगावरची चादर सारखी केली, बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मला तिचा राग आला, आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

बसमध्ये ती खिडकीशी. बाहेर काही दिसत नव्हतं, नुसतं पिवळं. मध्येच बसमध्ये बिघाड झाला, दुसरी येईपर्यंत ऊन चढलं. मग हमरस्त्यावर भोंगा झाला. आठवणीचा दिवस होता, युद्धात गेलेल्यांसाठी भोंगा होतो आणि सगळा देश उभा राहतो तो. मी विसरलेच होते. बस थांबली, मोटारी थांबल्या, सगळे उतरून रस्त्यात उभे, हात बाजूला, माना खाली. धुळीत माणसांचे नुसते आकार. भोंग्याचा तो एकसुरी आवाज पोटात शिरत होता. मी मान वळवून पाहिलं तर डेझी आत बसलेली. तशीच, खिडकीतून समोर बघत. अहो, या देशात तुम्ही चुकलात तर दहा जण शिकवायला धावतात, आणि त्या दिवशी त्या क्षणी बसून राहणं म्हणजे! पण लोक परत चढले, तिच्या बाजूनं गेले, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बसल्यावर तिनं विचारलं, "बस का थांबली होती?"

"भोंगा झाला ना!"

"कुठला भोंगा?" डेझी म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला. गार होता. तो हात पेताह तिक्वा येईपर्यंत मी सोडला नाही, आणि कबूल करते, अर्धा तिच्यासाठी आणि अर्धा माझ्यासाठी धरला होता. खरोखर वाटत होतं, सोडला तर शेजारची जागा रिकामी दिसेल.

वृद्धाश्रमाच्या लांबलचक ओसरीत चाकाच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं ओळीनं बसवलेली. गालिना नावाची रशियन सिस्टर आमची वाटच बघत होती. हिब्रूत डेझीला म्हणाली, "ती तुझी आजी काही खात नाही. तू गेल्यापासून पाण्याशिवाय काही नाही. आज संध्याकाळी नळी घालणार आहेत. बघ, जमलं तर, नाहीतर राहू दे." आणि भाताची वाटी तिच्या हातात दिली.

रिबकाआजी पलंगावर उशीला टेकून. हाडांचा सापळा झालेली, डोळे मात्र लख्ख. मला बघितल्याबरोबर तोंड फिरवलं. डेझीला पाहिलं आणि चेहरा उजळला.

"आलीस? मला वाटलं, आता परत सोडत नाहीत."

डेझीनं चमचा वाटीत परत ठेवला. मी दारात उभी होते. मनात म्हटलं, ही आता पळणार, आणि मीही हिच्या मागोमाग पळणार. पण ती पळाली नाही. ती उभी राहिली. खूप वेळ नुसती उभी राहिली.

आजीनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. इकडेतिकडे बघत, गुपित विचारावं तसं विचारलं, "ही सगळी मला खोटं सांगतात. तू खरं सांग. कसं आहे गो तिकडे?"

डेझीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार! बाहेर वाऱ्यानं कुठलंसं दार आपटत होतं. डेझीनं एका हातानं अंगातला स्वेटर काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि पलंगाच्या कडेला बसली.

"बरं आहे, आजी," ती म्हणाली. "पण तुझी खोली अजून झाली नाही. भिंतींना चुना लावतायत. तोवर जेवून घे म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"तुझ्या आईनं सांगितलंय."

आजी विचारात पडली. तिची नजर डेझीच्या तोंडावरून फिरत राहिली, आणि मी देवाची करुणा भाकत राहिले. मग आजीनं आ केला. डेझीनं भात भरवला. आजीनं चावला, गिळला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मीठ नाही यात." आणि पुन्हा आ केला.

गालिना माझ्या मागे येऊन कधी उभी राहिली होती कळलंच नाही. वाटी अर्धी रिकामी झालेली बघून ती आत आली. "उद्या सकाळी लवकर ये," डेझीला म्हणाली. "ही तुझी. ऑफिसला मी सांगते." मग डोळे बारीक करून तिनं विचारलं, "काय सांगितलंस तू तिला?"

डेझीनं पुढचा चमचा भरला. तिच्या कपाळावर घाम आला होता, तो तिनं दंडानं पुसला.

"घाई नाही म्हटलं," ती म्हणाली.